पडदा आधी उघडा

१९५५ साली अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये एका नव्या सिनेमाच्या रिळांचे डबे पोचले, तेव्हा त्यांवर ऑपरेटरसाठी एक सूचना होती : नावं सुरू व्हायच्या आधी पडदा बाजूला करा. आज असं सांगावं का लागलं असेल, याचं नवल वाटतं. पण तेव्हाची रीतच तशी होती. कोणी काम केलं, कोणी संगीत दिलं, कॅमेरा कोणाचा, या पाट्या बंद पडद्यावरच पडायच्या आणि कापडाच्या चुण्यांवर अक्षरं वेडीवाकडी होत निघून जायची. लोक तोवर खुर्च्या शोधत, शेजाऱ्याशी बोलत, कोट काढून ठेवत. पहिलं दृश्य आलं की पडदा सरकायचा आणि सिनेमा ‘सुरू’ व्हायचा.

सिनेमा होता ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’, दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर. पडदा उघडला की काळ्याभोर चौकटीत एक पांढरी पट्टी वरून खाली उतरते. मग दुसरी, तिसरी, चौथी. पट्ट्या सरळ नाहीत. कागद घाईने कापल्यावर येतो तसा किंचित तिरपेपणा त्यांच्या कडांना आहे. एल्मर बर्नस्टाइनचं जॅझ संगीत वाजतंय, पितळी वाद्यं धारदार सूर फेकताहेत आणि त्या ठेक्यावर पट्ट्या येतात, सरकतात, एकमेकींना अडवतात. नावं त्यांच्या मधल्या फटींत उमटतात. शेवटी एक पट्टी वाकडी होते आणि तिचा हात होतो : कोपरात मोडलेला, बोटं ताठरलेला, विचित्र कोनात खाली आलेला. बस, एवढंच. एकही माणूस दिसलेला नाही, पण पोटात काहीतरी आवळलं गेलेलं असतं.

या सिनेमाचा नायक, म्हणजे फ्रँक सिनात्रा, जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटतो, त्याला ड्रम वाजवणारा व्हायचंय आणि हेरॉइनच्या व्यसनातून तो सुटू पाहतोय. पत्ते वाटणारा हात, ड्रमवर पडणारा हात आणि सुई टोचून घेणारा हात, तिन्ही एकच. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत व्यसनाचा विषय बसत नव्हता, म्हणून सिनेमा तिच्या मंजुरीच्या शिक्क्याशिवाय प्रदर्शित झाला. आणि नेमक्या अशा सिनेमाच्या सुरुवातीला सुई नाही, गर्दुल्ला नाही, अंधारी गल्ली नाही. आहेत त्या फक्त कागदी पट्ट्या. त्या ज्याने रचल्या त्याचं नाव सॉल बास. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९२० साली जन्मलेला हा माणूस मूळचा जाहिरातींचा चित्रकार. नावांची ती दोन-तीन मिनिटं वाया जाणारी नसून सिनेमाचीच आहेत, हे त्याने ओळखलं.

मला या गोष्टीचं अप्रूप कधी संपत नाही. कथा अजून सुरू झालेली नाही, पात्रांची नावं माहीत नाहीत, कोण चांगलं कोण वाईट काही ठाऊक नाही. तरी आपल्याला कळलेलं असतं की आता घाबरायचंय, की हसायचंय, की कोणीतरी आपल्याला फसवणार आहे. हे कळणं बुद्धीतलं नसतं. श्वास थोडा आखूड झालेला असतो, खांदे वर गेलेले असतात, किंवा उलट, पाय सैल सोडून आपण खुर्चीत रुतलेलो असतो. सिनेमाने आपलं शरीर आधी लावून घेतलेलं असतं. गोष्ट नंतर येते.

त्यासाठी हाताशी सामान किती थोडं! रेषा, अक्षरं, त्यांची चाल, रंग आणि आवाज. हिचकॉकच्या ‘सायको’साठी (१९६०) बासने नुसत्या करड्या पट्ट्या घेतल्या, आडव्या आणि उभ्या. त्या झपाट्याने चौकटीत घुसतात आणि निघून जातात. नावं मधोमध चिरलेली येतात, क्षणभर जुळतात, पुन्हा फाटतात. बर्नार्ड हरमनने या सिनेमाला फक्त तंतुवाद्यांचं संगीत दिलं. व्हायोलिनचे गज तारांवर अक्षरशः आपटत राहतात. दुभंगलेल्या मनाची गोष्ट पुढे पावणेदोन तास चालते, पण दुभंगणं पहिल्या दोन मिनिटांतच डोळ्यांना शिकवून झालेलं असतं. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) हिरव्या पार्श्वभूमीवर तिरक्या रेषांची जाळी आखली जाते, नावं लिफ्टसारखी त्या रेषांवरून वरखाली होतात, आणि मग जाळी विरघळून तिच्या जागी काचेची खरी उंच इमारत उभी राहते. तिच्या काचांत न्यूयॉर्कची वाहतूक वाहते आहे. गर्दी, वेग, धावपळ, आणि शेवटी दिग्दर्शकाचं नाव पडताच स्वतः हिचकॉक धावत येतो आणि त्याची बस चुकते. म्हणजे हा पाठलागाचा सिनेमा आहे आणि त्यात हसायलाही परवानगी आहे, हे दोन्ही सांगून झालं.

पण सगळ्यात जास्त थांबावं असं काम ‘व्हर्टिगो’चं (१९५८). जमलं तर ती सुमारे तीन मिनिटं एकदा आवाजासह आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. मी त्यांत काय दिसतं ते सांगतो.

एका बाईचा चेहरा. पण पूर्ण चेहरा नाही; कॅमेरा इतका जवळ आहे की गाल, ओठांची कड, त्वचेचा पोत एवढंच मावतं. कॅमेरा ओठांवर येतो. ओठ किंचित हलतात, आणि तिथेच जेम्स स्टुअर्ट हे नाव उमटतं. मग कॅमेरा वर, डोळ्यांवर. डोळे डावीकडे जातात, उजवीकडे जातात. मान हलत नाही. मागे कोणी उभं आहे आणि वळून पाहायची सोय नाही, अशा माणसाची ही नजर. मग एकच डोळा. अचानक सगळा पडदा लाल होतो, डोळा विस्फारतो आणि बुबुळाच्या आतून, खूप खोलून, सिनेमाचं नाव आपल्याकडे येऊ लागतं.

त्यानंतर बुबुळातून एक फिरती आकृती जन्म घेते. तिचे वेढे एकात एक गुंतलेले, मधे पोकळी. ती मोठी होत होत जवळ येते, तिच्या पोटातून दुसरी निघते, रंग बदलतात, जांभळा, निळा, हिरवा. फिरणं थांबत नाही. आपण आत पडतोय की ती बाहेर येतेय, हेच कळेनासं होतं. अखेर पुन्हा तोच लाल डोळा येतो आणि त्यातून दिग्दर्शकाचं नाव बाहेर पडतं.

या आकृत्या कुठून आल्या, ती गोष्ट मला खुद्द सिनेमाइतकीच थरारक वाटते. १९५८ साली आज आपण ज्याला संगणकीय चित्र म्हणतो तसं काही कोणाकडे नव्हतं. जॉन व्हिटनी नावाच्या प्रयोगशील चित्रकर्त्याकडे मात्र एक जुनं यंत्र होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफा नेमक्या कुठे रोखायच्या, याचं गणित करणारं ते यंत्र. विमान उडतंय, ते सारखं जागा बदलतंय, तोफगोळा वर पोचेपर्यंत ते कुठे असेल, हे दांत्यांच्या चाकांनी आणि फिरणाऱ्या दांड्यांनी ते सोडवायचं. युद्ध संपलं, यंत्रं भंगारात निघाली. व्हिटनीने त्याच्या अचूक फिरण्याला रेषा काढायच्या कामाला लावलं.

आणि रेषा कसल्या? एकोणिसाव्या शतकात लिसाजू नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्यांचा अभ्यास केला, त्या. टांगलेल्या भांड्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात वाळू भरा आणि भांडं झुलवा. फक्त पुढेमागे झुललं तर खाली सरळ रेघ पडेल. पण त्याच वेळी ते डावीउजवीकडेही झुलत असेल आणि दोन्ही झोक्यांचा वेग वेगळा असेल, तर वाळूची रेघ वळते, स्वतःलाच छेदते, वेढे घेते आणि काही काळाने नेमकी निघाल्या जागी परत येते. दोन साधे झोके एकत्र आले की हा गुंता तयार होतो. त्यातून सुटका नाही, कारण तो सुरू झाला तिथेच संपतो. आता सिनेमाचा नायक आठवा : उंचीला घाबरणारा, एका बाईच्या मागे वेडा झालेला, ती गेल्यावर दुसऱ्या बाईला तिच्यासारखंच नटवणारा, आणि पुन्हा त्याच जिन्यावर येऊन उभा राहणारा. विमानं पाडायच्या यंत्राने त्याचं दैव काढून दाखवलं होतं.

आता आवाज चालू करा. हरमनच्या संगीतात एक सुरावट वर चढते आणि त्याच क्षणी दुसरी तितक्याच पायऱ्यांनी खाली उतरते. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कानाला टेकायला जमीनच मिळत नाही. मधेच खर्जातले पितळी सूर धाडकन येतात आणि परत तोच चढउतार. डोळ्यांना जे वेढे दिसतात तेच कानांना ऐकू येतात, आणि दोघांनी मिळून आपल्याला खरीखुरी किंचित भोवळ आणलेली असते. नायकाच्या दुखण्याची ओळख कथेतून होण्याआधी ते दुखणं आपल्याला झालेलं असतं.

पुढे सिनेमाभर ती आकृती भेटत राहते. नायिकेच्या अंबाड्याच्या वळणात, चित्रातल्या मृत स्त्रीच्या तशाच अंबाड्यात, घंटाघराच्या जिन्यात, कापलेल्या झाडाच्या बुंध्यावरच्या वर्तुळांत. आणि हो, सुरुवातीचा तो चेहरा नायिका किम नोवॅकचा नाहीच. तिचं नाव त्या डोळ्यांपाशी येतं, म्हणून आपण तो तिचा धरून चालतो. एका बाईच्या जागी दुसरी बाई उभी करण्याची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाने पहिल्याच मिनिटाला आपल्यासमोर नेमकं तेच केलेलं असतं.

अक्षरांकडे वळू. आपण अक्षरं वाचतो असं आपल्याला वाटतं, पण वाचण्याआधी ती दिसतात, आणि दिसण्यातच बरंचसं सांगून जातात. ‘एलियन’ (१९७९) उघडतो तो काळ्या अवकाशात. एक प्रचंड ग्रह हळूहळू चौकटीतून सरकतो. वरच्या बाजूला एक लहानशी पांढरी रेघ येते. अक्षर म्हणून ती ओळखू येत नाही. बऱ्याच वेळाने दूरवर दुसरी. मग एक तिरपी. तुकडे कशाचे आहेत याचा अंदाज डोळे बांधू लागतात, चुकतात, पुन्हा बांधतात. नाव अखेर पूर्ण होतं तेव्हा मिनिटाहून जास्त वेळ गेलेला असतो. रिचर्ड ग्रीनबर्गच्या या कल्पनेत राक्षस नाही, किंकाळी नाही. पण जे आहे ते अनोळखी आहे, ते सावकाश पूर्ण आकार घेणार आहे आणि पूर्ण झाल्याशिवाय आपल्याला ते ओळखता येणार नाही, ही त्या भयपटाची सगळी रीत त्या पाच अक्षरांनी आधीच पाळून दाखवली. ज्यांनी सिनेमा पाहिलाय, त्यांना अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचा त्या प्राण्याचा प्रवास इथे आठवेलच.

‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मध्ये (१९६४) पाब्लो फेरोने उलटा डाव टाकला. अणुयुद्धाचा सिनेमा, पडद्यावर खरी लष्करी विमानं. एक विमान दुसऱ्याला हवेतच इंधन भरतंय. आणि संगीत? मंद, हळवं, प्रेमगीताचं. दोन अजस्र यंत्रं एकमेकांना बिलगल्यासारखी डोलतात, आणि त्यांवर हाताने काढलेली बारीक, लांबुडकी अक्षरं पसरतात. काही अवाढव्य, काही चिमुकली, शाळकरी मुलाने वहीभर लिहावीत तशी. घाई इतकी झाली, की एका पाटीवरच्या शब्दात एक अक्षर राहूनही गेलं आणि ते तसंच कायम राहिलं. चित्र भीतीचं, सूर प्रेमाचा, अक्षर पोराचं. तिन्हींचा एकमेकांशी मेळ नाही, आणि म्हणूनच आपल्याला उमगतं की इथे जगाच्या अंतावर हसायचं आहे. तेच चित्र गंभीर संगीतावर चढवलं असतं, तर लष्कराचा माहितीपट झाला असता.

आपल्याकडे अक्षरांच्या या ताकदीची जाण नव्हती असं कोणी समजू नये. मराठी वाचकाने कमल शेडगे यांची अक्षरं आयुष्यभर पाहिली आहेत, वर्तमानपत्रात येणाऱ्या नाटकांच्या जाहिरातींत. नाटक ऐतिहासिक, फार्स की कौटुंबिक, हे कलाकारांची नावं वाचायच्या आधी शीर्षकाच्या वळणावरून कळायचं. देवनागरीची शिरोरेघ हे तर मोठंच हत्यार. ती तुटली की भीती, तिला धार आली की तलवार, ती लाटेसारखी डोलली की विनोद. हिंदी सिनेमात नाव एकामागून एक तीन लिप्यांत यायचं, देवनागरी, रोमन आणि उर्दू, आणि एकच भाव तीन वेगळ्या हाडांच्या अक्षरांत बसवणं हे चित्रकाराचं कसब असायचं. त्याही आधी पडायचं ते सेन्सॉरचं प्रमाणपत्र. त्यावरची रिळांची संख्या वाचून किती वेळ बसायचंय याचा हिशोब थिएटरभर व्हायचा. आणि त्याच्याही आधीच्या काळात, प्रभातचं बोधचिन्ह : तुतारी फुंकणारी ती स्त्री. ते पाहिलं की आता काहीतरी नेटकं, मनापासून केलेलं बघायला मिळणार, असा विश्वास १९३०च्या दशकातला प्रेक्षक बाळगून असायचा.

हिंदीत मला सगळ्यात जास्त आवडते ती ‘शोले’ची (१९७५) सुरुवात. ती इतक्या वेळा पाहिली गेली आहे की तिच्याकडे कोणी बघतच नाही. एक आगगाडी लहानशा स्टेशनवर थांबते. एक जेलर उतरतो. त्याला न्यायला ठाकूरचा नोकर रामलाल आलाय. दोघं घोड्यांवर बसतात आणि निघतात. आणि मग, कितीतरी वेळ, ते फक्त जात राहतात. नावं पडतात, घोडे चालतात. आर. डी. बर्मनच्या गिटारचा ठेका, त्यावर हॉर्नचे लांब, मोकळे सूर.

जरा विचार करा, या प्रवासाची कथेला गरज काय? जेलर सरळ ठाकूरच्या ओसरीवर बसलेला दाखवला असता तरी चाललं असतं. पण मग रामगढ किती लांब आहे हे कळलं नसतं. गाडी जिथे सोडते तिथून पुढे मोटार नाही, डांबरी रस्ता नाही, तारेचे खांब नाहीत. आहेत ते प्रचंड खडक आणि त्यांच्यामधून वाट काढणारे दोन ठिपके. सरकारच्या माणसालाही इथे घोड्यावरूनच यावं लागतं. म्हणजे काही बरंवाईट झालं तर मदत वेळेत पोचणार नाही. गब्बर अजून तासभर दूर आहे, त्याचं नाव कोणी घेतलेलं नाही, पण तो जिथे माजू शकतो ती जागा आपण अंगाने ओलांडून आलेलो असतो. ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यावर माणसं लहान आणि पाषाण मोठे दिसतात. अमेरिकी ‘वेस्टर्न’ सिनेमाचं व्याकरण हेच, आणि ते रमेश सिप्पी आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांनी बंगळूरजवळच्या रामनगरच्या टेकड्यांत उभं केलं.

पण मग खडक मागे पडतात आणि गाव येतं, कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी उभारलेलं. इथे सिनेमा हळूच सांगतो की हे नुसतं वेस्टर्न नाही. घोडे परक्या मुलखातून येऊन आपल्या मुलखात शिरतात. संगीतातही देशी रंग मिसळू लागतो. गोळीबाराचा सिनेमा आणि घरंदाज दुःखाचा सिनेमा यांचा जो सांधा पुढे तीन तास टिकतो, तो या घोडेस्वारीतच जुळवला गेला. वाटेत एक पाटी येऊन जाते, नवा चेहरा म्हणून अमजद खानचं नाव सांगणारी. १५ ऑगस्ट १९७५ला ती पाटी वाचून कोणाच्या मनात काही हललं असेल असं वाटत नाही. आज ती आली की थिएटरात शिट्ट्या वाजतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘चारुलता’ (१९६४). सत्यजित राय मूळचे जाहिरात कंपनीतले चित्रकार, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे, अक्षरांवर जीव असलेले. त्यांनी टायटल्ससाठी काय घेतलं? एका बाईचे हात, कापडाची गोल चौकट आणि सुई. रुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरलं जातंय. नावं येतात, जातात. सुई खाली जाते, वर येते. काळ १८७९, घर कलकत्त्याच्या श्रीमंताचं. ‘बी’ हे नवऱ्याच्या, भूपतीच्या, नावाचं पहिलं अक्षर. तो आपल्या वर्तमानपत्रात गढलेला आहे आणि बायकोला दुपारी खायला उठतात.

इथे कोणताही धक्का नाही. आहे तो फक्त वेळ. एक टाका, मग दुसरा टाका. हा सिनेमा सुईच्या वेगाने बघायचा आहे, एवढं आपल्याला त्या हातांनी शिकवलं. एकदा तो वेग अंगात भिनला की पुढे चारू खिडकीच्या झडपा किलकिल्या करून दुर्बिणीतून रस्ता न्याहाळते, तेव्हा आपण कंटाळत नाही. तिच्याबरोबर एका खिडकीतून दुसरीकडे धावतो. ‘शोले’च्या घोड्यांवरून उतरलेला माणूस या खोलीत थेट आला तर दहा मिनिटांत उठून जाईल. ‘चारुलता’ त्याला आधी खाली बसवते.

आणि ‘मालगुडी डेज’? दूरदर्शनवर १९८६ साली सुरू झालेल्या त्या मालिकेची धून कोणी नुसती गुणगुणली तरी एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांपुढे आर. के. लक्ष्मण यांच्या रेषा येतात. भावाच्या, म्हणजे आर. के. नारायण यांच्या, गोष्टींना त्यांनी चित्रं दिली होती. मोजक्या फटकाऱ्यांतली माणसं आणि एल. वैद्यनाथन यांची ती बिनशब्दांची लकेर. इथे कोणी मरणार नाही, कोणी फार मोठं होणार नाही, पण माणसं ओळखीची निघतील, हे वचन तेवढ्यात मिळायचं.

हा सगळा खटाटोप सिनेमाने शोधून काढला असं मात्र म्हणता येणार नाही. मराठी नाटकाचा प्रेक्षक हे ओळखून आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं, तेव्हापासून नांदी झाली की सभागृहाचं बसणं बदलतं हे त्याने अनुभवलंय. मूळ कालिदासाच्या नाटकात तर चक्क श्रेयनामावली आहे. सूत्रधार येतो, आज जाणकारांची सभा जमली आहे असं सांगतो, नाटककाराचं नाव घेतो, नाटकाचं नाव घेतो. म्हणजे आजच्या पाट्यांचं काम तो तोंडाने करतो. मग नटीला ऋतूला साजेसं गाणं म्हणायला सांगतो. ती ग्रीष्माचं गाणं म्हणते. गाणं इतकं रंगतं की संपल्यावर सूत्रधार तिलाच विचारतो, आता कोणतं नाटक करायचं? तिला आठवण करून द्यावी लागते की आत्ता तुम्हीच तर नाव सांगितलंत. तो मान्य करतो : तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं, जसं त्या हरणाने राजा दुष्यंताला नेलं. आणि रथातून, हरणाचा पाठलाग करत, दुष्यंत रंगमंचावर येतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो. पुढे सगळं नाटक विसरण्यावर उभं आहे. राजा शकुंतलेला विसरतो, अंगठी मिळाल्यावर त्याला आठवतं. आणि कालिदास पहिल्या पानावर सूत्रधारालाच विसरायला लावतो, तेही प्रेमळपणे, गंमत म्हणून. प्रेक्षक हसतो आणि विसरण्याची चव त्याच्या जिभेवर राहते. ‘व्हर्टिगो’च्या डोळ्यातून निघालेले वेढे आणि नटीच्या गाण्यात हरवलेला सूत्रधार एकच काम करतात : गोष्टीचं मर्म गोष्टीआधी, आणि तेही ओळखू येणार नाही अशा रूपात, आपल्या हातात देऊन ठेवतात.

आज बहुतेक सिनेमे नावं शेवटी ढकलतात. जॉर्ज ल्यूकसने ‘स्टार वॉर्स’ मालिकेत दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला टाकायला नकार दिला आणि त्या वादातून तो दिग्दर्शकांच्या संघटनेबाहेर पडला. त्याला कहाणीचा धागा तोडायचा नव्हता. त्याचं म्हणणं मला कळतं. तरीही एवढी मोकळी, कथेचं ओझं नसलेली जागा हातातून सोडणं मला नुकसानीचं वाटतं. २०१७पासून नेटफ्लिक्सने तर सुरुवात गाळायचं बटणच दिलं. मालिका सलग बघताना तेच ते पुन्हा कशाला, हे ठीक. पण पहिल्या भागाला तरी ते दाबू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि तिचं सगळ्यात पक्कं कारण ‘सेव्हन’मध्ये (१९९५) आहे.

डेव्हिड फिंचरचा हा सिनेमा एका खुन्याच्या शोधाचा. टायटल्स काइल कूपरची. अक्षरं सुईने हाताने ओरखडून काढलेली. ती थरथरतात, उडी मारतात, एकावर एक चढतात. त्यांच्यामागे अगदी जवळून काही वस्तू दिसतात : जाडजूड वह्या, बारीक अक्षरांत खच्चून भरलेली पानं, कापलेली छायाचित्रं, दोऱ्याने शिवली जाणारी वहीची पाठ. कोणाचे तरी हात हे सगळं अतिशय निगुतीने करताहेत. चेहरा दिसत नाही. एका क्षणी ते हात दाढीच्या पात्याने स्वतःच्याच बोटांच्या टोकांची कातडी सोलतात. चित्र इतक्या पटकन जातं की पाहिलं की भास झाला, याची खात्री राहत नाही.

हे खुन्याचे हात आहेत. पोलीस नुकतेच पडद्यावर आलेत, त्याचा पहिला बळी अजून सापडायचाय आणि आपण त्याच्या टेबलापाशी बसून आलोत. तो बराच उशिरा, स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात चालत येतो. तोवर त्याचं रूप प्रेक्षकाला कळू नये म्हणून त्याचं काम करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नाव सुरुवातीच्या पाट्यांतून मुद्दाम वगळलं. हात दाखवले, नाव लपवलं. त्याच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत याचं कारण पोलिसांना तेव्हा कळतं. ज्याने ती दोन मिनिटं नीट पाहिली, त्याला ते केव्हाच माहीत असतं. आणि सगळं संपल्यावर शेवटची नावं येतात, त्यांत स्पेसीचं नाव सगळ्यांत आधी येतं. ही नावं नेहमीसारखी खालून वर चढत नाहीत. ती वरून खाली उतरतात, आणि उठायला निघालेला माणूस ती वाचायला पुन्हा खाली बसतो.